उघडी झडप आणि मिटलेली झडप : यांत्रिक हृदयझडपांच्या तुलनेची समीक्षा

यांत्रिक हृदयझडपांच्या निरनिराळ्या रचनांपैकी रक्तप्रवाहाच्या दृष्टीने सरस कोणती, हा प्रश्न गेली साठ वर्षे विचारला जात आहे आणि त्याचे उत्तर बहुधा एका कोष्टकाने दिले जाते. कोष्टकाच्या एका बाजूस झडपांची नावे असतात. दुसऱ्या बाजूस प्रत्येकीचे परिणामी मुखक्षेत्र, म्हणजे रक्ताला प्रत्यक्ष वापरता येणारी वाट किती चौरस सेंटिमीटर आहे तो आकडा, आणि त्या वाटेने रक्त जाताना दाबात पडणारा फरक दिलेला असतो. ज्या झडपेचे मुखक्षेत्र मोठे व दाबभेद लहान ती श्रेष्ठ, असा निकाल वाचकाने आपणच काढावयाचा असतो. हा निकाल सर्वस्वी चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो अपुरा आहे. आणि ज्या ठिकाणी तो अपुरा आहे, नेमक्या त्याच ठिकाणी या झडपांच्या इतिहासातील मोठे अनर्थ घडलेले आहेत. ते दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

तुलनेसाठी घ्यावयाच्या रचना स्थूलमानाने तीन प्रकारच्या आहेत. पहिली पिंजऱ्यातील चेंडूची. १९५२ मध्ये चार्ल्स हफनागेल यांनी वॉशिंग्टन येथे अशी झडप रुग्णाच्या छातीतील उतरत्या महारोहिणीत बसविली. हृदय उघडून मूळ झडपेच्या जागीच ती बसविण्याची सोय त्या वेळी नव्हती. १९६० मध्ये ड्वाइट हार्कन यांनी महारोहिणीच्या मुखाशी, आणि पोर्टलंड येथे अल्बर्ट स्टार यांनी लोवेल एडवर्ड्स या अभियंत्याच्या सहकार्याने मायट्रल स्थानी, म्हणजे डावे अलिंद व डावे निलय यांच्यामधील दारात, चेंडूची झडप यशस्वीपणे बसविली. या रचनेत चेंडू वाटेच्या मधोमध राहतो व रक्ताला त्याला वळसा घालून जावे लागते.

दुसरी रचना कलत्या चकतीची. स्टॉकहोमचे शल्यविशारद व्हायकिंग ब्यॉर्क व अमेरिकन अभियंता डोनाल्ड शायली यांची झडप १९६९ मध्ये प्रथम वापरली गेली. तिच्यातील चकती सुमारे ६० अंशांत कलते आणि रक्तास एक मोठी व एक लहान अशा दोन वाटा मिळतात. तिसरी रचना दोन पाकळ्यांची. सेंट ज्यूड झडप ऑक्टोबर १९७७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात डिमिट्री निकोलॉफ यांनी प्रथम बसविली. तिच्या अर्धवर्तुळाकार पाकळ्या ८५ अंशांपर्यंत उघडतात. बाजूंस दोन मोठ्या व मध्ये एक चिंचोळी अशा तीन वाटा राहतात. अणुभट्टीतील इंधनकणांवर लेप देण्याच्या कामी उपयोगात आलेला पायरोलिटिक कार्बन जॅक बोक्रोस यांच्या प्रयत्नाने झडपांसाठी उपलब्ध झाला, म्हणूनच इतक्या पातळ पाकळ्या टिकाऊ होऊ शकल्या.

या तिघींची कोष्टकातील स्थिती अशी आहे. अटलांटा येथे अजित योगनाथन व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या मापनांत २७ मिलिमीटर मापाच्या झडपांपैकी स्टार-एडवर्ड्स या चेंडूच्या झडपेचे परिणामी मुखक्षेत्र सुमारे पावणेदोन, मेडट्रॉनिक-हॉल या कलत्या चकतीच्या झडपेचे सुमारे साडेतीन व सेंट ज्यूड झडपेचे सुमारे चार चौरस सेंटिमीटर भरले. २७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्र ५.७ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे चेंडूच्या झडपेने हृदयात जेवढी जागा अडविली तिच्यापैकी जेमतेम तीन दशांश रक्ताच्या उपयोगी पडली. दोन पाकळ्यांच्या झडपेत सात दशांश पडली. कोष्टकाची भाषा येथपर्यंत अगदी स्पष्ट आहे.

२

आता हा आकडा येतो कोठून, ते पाहिले पाहिजे. शस्त्रक्रियागृहातून बाहेर आलेल्या रुग्णाच्या झडपेचे मुख कोणी पट्टीने मोजत नाही. ते दाब व प्रवाह यांवरून काढावे लागते. त्यासाठीचे प्रसिद्ध सूत्र रिचर्ड गोर्लिन व एस. जी. गोर्लिन यांनी १९५१ मध्ये मांडले. प्रवाहाला दाबभेदाच्या वर्गमूळाने व एका स्थिरांकाने भागावयाचे, हे त्याचे सार. त्या स्थिरांकातील ४४.३ हा आकडा गुरुत्वत्वरणाच्या दुपटीच्या वर्गमूळाहून वेगळा काही नाही आणि त्याबद्दल वाद नाही. त्याच्या जोडीस येणारा प्रवाहगुणांक मात्र रुग्णांवरील निरीक्षणांशी मेळ घालून ठरविलेला आहे, आणि ते रुग्ण आकसलेल्या नैसर्गिक झडपांचे होते. तोच गुणांक पिंजऱ्यातील चेंडूला, कलत्या चकतीला व दोन पाकळ्यांना सरसकट लावला की तिन्ही रचनांमधील जो भेद मोजावयाचा, त्याचाच काही भाग सूत्राने आधी गृहीत धरून पुसून टाकलेला असतो.

डॉप्लर पद्धतीने ही अडचण दूर झाली असे वाटते, पण ती तेथे निराळ्या रूपाने येते. ध्वनितरंगांनी रक्ताचा वेग सेकंदास किती मीटर आहे ते मोजावयाचे आणि वेगाच्या वर्गाची चौपट म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरांतील दाबभेद समजावयाचा, असा हा हिशोब आहे. वेग ३ मीटर असेल तर दाबभेद ३६ मिलिमीटर. दोन पाकळ्यांच्या झडपेत मधल्या चिंचोळ्या वाटेने रक्त बाजूच्या वाटांपेक्षा अधिक वेगाने धावते. उपकरण आपल्या रेषेतील सर्वांत मोठा वेग टिपते व सगळ्या झडपेचा दाबभेद त्यावरून ठरविते. शिवाय पुढे गेल्यावर हा झोत मंदावतो तेव्हा वेगात गेलेल्या दाबाचा काही अंश परत मिळतो, तो या हिशोबात येत नाही. त्यामुळे विशेषतः लहान मापाच्या दोन पाकळ्यांच्या झडपा डॉप्लरच्या आकड्यांत वस्तुतः आहेत त्याहून अधिक अडथळा करणाऱ्या दिसतात. दोन भिन्न रचनांचे डॉप्लर आकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे तुलना झाली, हा समज म्हणून सोडून दिला पाहिजे.

तिसरी अडचण क्षुल्लक भासते, पण तिने पुष्कळ घोटाळा केलेला आहे. झडपेवर छापलेले माप सर्व निर्मात्यांचे एकाच गोष्टीचे नसते. कोणी साच्याचा बाहेरील व्यास देतो, तर कोणी ज्या ऊतीत झडप बसवावयाची तिच्या मुखाचा. शिवणीच्या कड्याची जाडीही निरनिराळी. म्हणून एका कारखान्याची २१ क्रमांकाची झडप व दुसऱ्याची २१ क्रमांकाची झडप एकाच हृदयात बसतीलच असे नाही. ‘समान मापाच्या’ झडपांची तुलना म्हणून जे छापले जाते ते पुष्कळदा समान क्रमांकाच्या झडपांची तुलना असते.

३

हे तिन्ही आक्षेप मापनाच्या सुधारणेने दूर होण्याजोगे आहेत. याहून मूलभूत आक्षेप निराळा आहे, आणि तो काळाविषयी आहे. मिनिटास ७० ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८६ सेकंद लागतात. त्यांपैकी महारोहिणीची झडप उघडी असते ती सुमारे ०.३ सेकंद. म्हणजे तिच्या आयुष्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग ती मिटलेली असते. परिणामी मुखक्षेत्र व दाबभेद हे दोन्ही आकडे उघड्या झडपेचे वर्णन करतात. मिटताना काय होते आणि मिटल्यावर काय होते, यांविषयी ते मुके आहेत. मायट्रल स्थानी प्रमाण बदलते, पण तेथेही मिटलेल्या झडपेवर निलयाच्या आकुंचनाचा सगळा दाब येतो. दाराची परीक्षा त्यातून किती माणसे आत आली एवढ्यावरूनच करावयाची आणि ते लागते कसे व बिजागरी कशी आहे हे विचारावयाचेच नाही, असा हा प्रकार आहे.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण ब्यॉर्क-शायली झडपेच्या बहिर्गोल-अंतर्गोल रचनेचे. मूळ सपाट चकतीच्या लहान वाटेपाशी रक्त रेंगाळते व गुठळी धरते, हे दिसून आले होते. म्हणून चकतीस वक्राकार देऊन व ती उघडताना किंचित पुढे सरकेल अशी योजना करून लहान वाट मोठी करण्यात आली. प्रवाहाच्या दृष्टीने ही सुधारणाच होती. ही झडप १९७९ मध्ये बाजारात आली. जगभर सुमारे ८६,००० रुग्णांना ती बसविली गेली. त्यांपैकी सहाशेहून अधिक झडपांत चकतीस धरून ठेवणारी बाहेरील कमान वितळजोडापाशी तुटून चकती निसटली, आणि अशा प्रसंगी बहुसंख्य रुग्ण दगावले. १९८६ मध्ये झडप बाजारातून काढून घेण्यात आली. पुढील तपासांत असे आढळले की मिटताना चकती कधी कधी ठरलेल्या स्थानाहून किंचित अधिक फिरून त्या कमानीच्या टोकावर आघात करीत होती. लहान वाट रुंदावल्याचे कोष्टकात दिसत होते. मिटण्याच्या क्षणाचा आघात कोष्टकाच्या कोणत्याही रकान्यात नव्हता.

दुसरे उदाहरण एडवर्ड्स-ड्युरोमेडिक्स या दोन पाकळ्यांच्या झडपेचे. तिच्या काही पाकळ्या भंगल्यामुळे १९८८ मध्ये तिची विक्री थांबविण्यात आली. भंगलेल्या पाकळ्यांच्या पृष्ठावर बारीक खड्डे दिसले, आणि त्यांचे कारण म्हणून बुडबुड्यांच्या आघाताकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. जहाजाच्या पंख्यावर किंवा पाण्याच्या टर्बाइनवर ही क्रिया यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. ताठ पाकळी झटकन मिटून थांबते तेव्हा तिच्यामागील द्रवाचा दाब क्षणभर इतका उतरतो की वाफेचे बुडबुडे निर्माण होतात, आणि दाब परत येताच ते फुटून पृष्ठावर मारा करतात. हाही मिटण्याचाच क्षण होय.

४

मिटलेल्या झडपेविषयी बोलताना गळतीचा विचार अटळ आहे. येथे कोष्टकाचा साधा नियम उलटतो. चेंडू आपल्या बैठकीवर घट्ट बसतो. त्याची उलट गळती तिघींत सर्वांत कमी. दोन पाकळ्यांच्या झडपेची सर्वांत अधिक. मग गळती हा दोषच समजावयाचा काय? सेंट ज्यूड झडपेच्या बिजागरीत मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते, आणि मिटलेल्या अवस्थेत तीमधून मागे येणारे रक्त ती खाच धुऊन काढते. पाटाच्या ज्या कोपऱ्यात पाणी रेंगाळते तेथे गाळ बसतो, हे आपल्याकडे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. रक्ताचा गाळ म्हणजे गुठळी. म्हणून थोडी गळती हे स्वच्छतेचे मोल आहे. मात्र हे मोल फार वाढले तर हृदयावर व्यर्थ भार पडतो. आणि फट फार अरुंद झाली तर तीमधून जाणारा झोत रक्तपेशींना चिरडतो. लिव्हरेट व सहकारी यांनी १९७२ मध्ये दाखविले की कर्तन प्रतिबल चौरस सेंटिमीटरला सुमारे १५०० डाइनच्या पलीकडे गेले की तांबड्या पेशी फुटू लागतात. बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, तर याहून पुष्कळच कमी प्रतिबलाने चेतविले जातात, आणि गुठळीची सुरुवात त्यांच्यापासून होते.

या संदर्भात मेडट्रॉनिक पॅरलल झडपेचा इतिहास प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. नावाप्रमाणे तिच्या पाकळ्या प्रवाहास समांतर होईपर्यंत उघडत, आणि उघड्या स्थितीतील तिचे गुण उत्तम होते. तरीही १९९० च्या दशकाच्या मध्यास झालेल्या रुग्णांवरील चाचण्यांत तिच्यात अनपेक्षित प्रमाणात गुठळ्या झाल्या आणि तो उपक्रम सोडून द्यावा लागला. मागाहून पारदर्शक प्रतिकृती करून बिजागरीच्या आत लेसरच्या साहाय्याने वेग मोजले गेले, तेव्हा त्या खाचेत भोवरे व निश्चल रक्ताचे कोपरे आढळले. सबंध झडपेचे भवितव्य मिलिमीटरच्या अंशाएवढ्या फटीत ठरले होते. प्रयोगशाळेतील स्पंदयंत्रात बहुधा पाणी व ग्लिसरीन यांचे मिश्रण वापरतात. त्याची श्यानता रक्तासारखी असते. पण ते गोठत नाही. म्हणून त्या यंत्रावर केलेली कोणतीही परीक्षा गुठळीविषयी प्रत्यक्ष साक्ष देऊ शकत नाही, ही गोष्ट निष्कर्ष काढताना विसरता कामा नये.

अगदी अलीकडचा पुरावाही याच दिशेचा आहे. बोक्रोस यांनीच पुढे आणलेली ऑन-एक्स झडप १९९६ पासून वापरात आहे. तिचे मुख कर्ण्यासारखे पसरट आहे व पाकळ्या ९० अंशांपर्यंत उघडू शकतात. महारोहिणीच्या स्थानी असलेल्या या झडपेसाठी वॉरफरिनची मात्रा नेहमीपेक्षा कमी ठेवण्यास अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली, हे तिच्या रचनेचे श्रेय होय. परंतु वॉरफरिनऐवजी अपिक्साबान हे औषध देऊन पाहणारी चाचणी २०२२ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण अपिक्साबान घेणाऱ्यांत गुठळ्यांचे प्रकार अधिक झाले. प्रवाह कितीही सुरळीत केला तरी रक्त परक्या पृष्ठभागाला विसरत नाही.

५

कोष्टकाच्या बाजूने जे सांगता येईल तेही येथे नमूद करणे न्याय्य होय. शाहबुद्दीन रहिमतुला यांनी १९७८ मध्ये रुग्ण व झडप यांच्या विजोडपणाची कल्पना मांडली. बसविलेल्या झडपेचे मुख रुग्णाच्या शरीराच्या मानाने अपुरे असेल, तर शस्त्रक्रिया होऊनही अडथळा शिल्लक राहतो. महारोहिणीच्या स्थानी शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरला ०.८५ चौरस सेंटिमीटरहून कमी मुखक्षेत्र असणे हे अशा विजोडपणाचे लक्षण मानतात. या हिशोबाने १.६ चौरस मीटर शरीरपृष्ठाच्या व्यक्तीस सुमारे १.३६ चौरस सेंटिमीटर पुरतात, तर २ चौरस मीटरच्या व्यक्तीस १.७ लागतात. दाबभेद प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून श्रम करताना प्रवाह दुप्पट झाला की विश्रांतीतील १० मिलिमीटरांचा दाबभेद ४० वर जातो. अरुंद महारोहिणीच्या रुग्णास चेंडूची झडप बसविणे या दृष्टीने अन्यायाचेच ठरले असते. तेव्हा मुखक्षेत्राचा आकडा फेकून द्यावयाचा नाही. मात्र तो रुग्णाच्या शरीराशी जोडल्यावाचून अर्थपूर्ण होत नाही, आणि मायट्रलसारख्या मोठ्या दारात, जेथे बहुतेक रचनांना पुरेशी जागा मिळते, तेथे तो निर्णायक राहत नाही, असे आपण म्हणू शकतो.

उलट बाजूस स्टार-एडवर्ड्स झडप आहे. कोष्टकात तिचे स्थान शेवटचे. आरंभीच्या काळात तिचा सिलिकोन चेंडू रक्तातील स्निग्ध द्रव्ये शोषून फुगे व चिरे; ती उणीव चेंडूच्या प्रक्रियेत बदल करून दूर झाली. त्यानंतर चाळीस वर्षांहूनही अधिक काळ तीच झडप घेऊन जगलेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. तिच्यात बिजागरी नाही, आणि चेंडू प्रत्येक ठोक्यास फिरत असल्यामुळे झीज एका जागी होत नाही. यावरून ती झडप पुन्हा वापरावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु शेवटच्या क्रमांकाची झडप इतकी टिकावी, आणि उत्तम आकड्यांची पॅरलल झडप रुग्णांपर्यंत नीट पोहोचूही नये, याचे उत्तर कोष्टकाकडे नाही.

भारतातील अनुभव या विवेचनास पूरक आहे. आपल्याकडे झडप बदलावी लागणाऱ्या रुग्णांत ऱ्हुमॅटिक ज्वराने झडपा बिघडलेले तरुण रुग्ण पुष्कळ असतात. त्यांच्यापुढे कित्येक दशकांचे आयुष्य असते, आणि वॉरफरिनची मात्रा ठरविण्यासाठी वारंवार रक्ततपासणी करून घेणे खेड्यातून सोपे नसते. तिरुवनंतपुरम येथील श्रीचित्रा तिरुनाळ संस्थेत मा. स. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली चित्रा झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णास बसविण्यात आली. ती कलत्या चकतीची आहे. चौकट कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची व चकती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची. त्यापूर्वीच्या प्रतिमानांत नीलम स्फटिकाच्या चकतीचाही प्रयोग झाला होता, आणि झीज व भंग यांच्या अनुभवानंतर तो सोडण्यात आला. म्हणजे अंतिम रचना ठरविताना निर्णायक प्रश्न मुखक्षेत्राचा नव्हता. कोट्यवधी वेळा मिटूनही काय टिकेल आणि देशातील रुग्णास परवडेल, हा होता. ७० ठोक्यांच्या हिशोबाने झडप वर्षाकाठी साडेतीन कोटींहून अधिक वेळा मिटते. ताठ झडपांसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने ४० कोटी आवर्तनांची टिकाऊपणाची कसोटी ठरविलेली आहे, तिचा अर्थ यावरून ध्यानात येईल.

६

तर मग तुलना कशी करावी? प्रस्तुत लेखकाच्या मते झडपेच्या एका ठोक्याचे तीन भाग करून प्रत्येकाचा स्वतंत्र रकाना ठेवला पाहिजे. उघड्या अवस्थेत मुखक्षेत्र द्यावे, पण ते छापील क्रमांकाऐवजी ऊतीच्या मुखाच्या व्यासाशी जोडून, आणि एकाऐवजी अनेक प्रवाहमानांस. मिटण्याच्या अवस्थेत मागे जाणारे रक्त किती, पाकळीचा वा चकतीचा अंतिम वेग किती व आघात कोठे बसतो, हे द्यावे. मिटलेल्या अवस्थेत गळती किती, ती कोणत्या फटींतून, तेथील प्रतिबल किती, आणि कोणता कोपरा न धुता राहतो, हे द्यावे. कलत्या चकतीची झडप कोणत्या दिशेस तोंड करून बसविली यावर पुढील संक्षोभ अवलंबून असतो, म्हणून मापनाच्या वेळची दिशाही नोंदलेली असावी. संगणकाच्या साहाय्याने बिजागरीतील प्रवाहाचे गणित करणे आज शक्य झालेले असल्याने हे रकाने रिकामे ठेवण्यास सबब उरलेली नाही.

या तीन रकान्यांची बेरीज करून पुन्हा एक आकडा काढण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. एका रकान्यातील लाभ दुसऱ्यातील हानीने भरून निघतो असे गृहीत धरणे म्हणजेच बहिर्गोल-अंतर्गोल झडपेची चूक पुन्हा करणे होय. कमान तुटलेल्या रुग्णास त्याची लहान वाट किती रुंद होती याचा काही उपयोग झाला नाही. म्हणून या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी कोणतेही कोष्टक हाती आले की पहिला प्रश्न हा विचारावा, की यातील प्रत्येक आकडा ठोक्याच्या कोणत्या क्षणी मोजलेला आहे. उत्तर ‘झडप उघडी असताना’ असे आले, तर ठोक्याच्या उरलेल्या काळाचे संशोधन अद्याप व्हावयाचे आहे असे समजून कामास लागावे.